पुरानंतरची ओमनी

२७ मे २०२४

मेसवाल्या वहिनींची ओमनी आज दुपारी गॅरेजला लागली. २००९ चं मॉडेल. जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात, म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढता येणार नाही. पासिंगला दिवे, हॉर्न, वायपर सगळं चालू लागतं, आणि नेमकं तेच या गाडीत चालत नाही.

तक्रारी वहिनींनी एका श्वासात सांगितल्या. हेडलाइट पिवळे पडलेत. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. वायपर काचेच्या मधोमध थांबतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. सेंट्रल लॉक एकाच दाराला लागतं. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, "वायरिंगचा पूर्ण हार्नेस बदला, नाहीतर गाडी भंगारात द्या." पण वहिनींना याच गाडीतून दुपारचे डबे खेर्डीला आणि रात्रपाळीचे लोट्याला पोचवायचे असतात. लोट्याला जायचं म्हणजे परशुराम घाट, तोही अंधारात आणि पावसात. "भाऊ, मला रेडिओ नको, काही नको, पण घाटात दिसायला पाहिजे आणि ऐकू जायला पाहिजे," म्हणाल्या.

गाडी त्यांनी २०२१ च्या पावसाळ्यानंतर घेतली, स्वस्तात मिळाली म्हणून. स्वस्त का, ते चिपळूणच्या माणसाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ही गाडी तिथेच उभी होती. आधीच्या मालकानं इंजिन उघडून साफ केलं, ऑइल बदललं, सीट उन्हात वाळवल्या. वायरिंगकडे कोणी बघितलं नाही, कारण पाणी ओसरल्यावर सगळे दिवे लागत होते. पुराचं पाणी वायरिंगला लगेच मारत नाही. वायरी जोडणाऱ्या कपलरच्या आत गाळ राहतो, ओल राहते, आणि तांबं सावकाश हिरवं होत जातं. तीन वर्षांपूर्वीचा पूर आत्ता बोलायला लागलाय.

माझ्याकडे काम शिकणारा आयटीआयचा मुलगा वही घेऊन तयार होता. "काका, हॉर्न, वायपर मोटर, बॅटरी, काय काय मागवू?" काहीच नाही. जुन्या गाडीत वस्तू सहसा मेलेली नसते, तिच्यापर्यंतची वाट बिघडलेली असते. वाट मोजल्याशिवाय वस्तू मागवायची नाही.

सुरुवात बॅटरीपासून केली. इंजिन बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. अल्टरनेटर ठणठणीत आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या पोलवर, दुसरी त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून मुलाला सेल्फ मारायला सांगितला. पोल आणि क्लॅम्प एकमेकांना चिकटलेले, तरी मधल्या मध्ये ०.७ व्होल्ट खाल्ले जात होते. क्लॅम्प काढला, गरम पाण्यानं पांढरी बुरशी धुतली, पॉलिश पेपर मारला, घट्ट बसवला, वरून पेट्रोलियम जेली लावली. आता ०.०४.

२८ मे

डॅशखालचा फ्यूज बॉक्स उघडला आणि जे दिसलं ते जिवाला लागलं. एका १५ अँपिअरच्या जागी हिरवा, म्हणजे ३० चा फ्यूज. दुसऱ्या जागी जळलेल्या फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळलेली. हे मी कित्येक गाड्यांत पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी राग येतो. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर जेवढा करंट पेलेल त्याच्या आत फ्यूज तुटला पाहिजे. तार गुंडाळली की फ्यूज म्हणून डॅशमागची वायरच उरते, आणि ती जळते तेव्हा शेजारच्या वायरींचं प्लास्टिक घेऊन जळते. ओमनीत इंजिन पुढच्या सीटच्या खाली. ज्या सीटखाली इंजिन आणि पेट्रोलची लाइन आहे त्या सीटवर बाई बसते, मागे गरम डबे असतात.

सगळे फ्यूज काढून झाकणावरच्या आकड्यांप्रमाणे नवे घातले. मुलाला रंग पाठ करून घेतले: तपकिरी साडेसात, लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. तार गुंडाळलेला तो फ्यूज वेगळा ठेवलाय, वहिनींना दाखवायला. त्यांनी तो हातात घेऊन बघितला पाहिजे, म्हणजे पुढे कुठे कोणी असं करायला लागलं तर त्या थांबवतील.

२९ मे

आज मागचे दिवे. मुलाला यातून जेवढं शिकता येईल तेवढं दुसऱ्या कशातून येणार नाही, म्हणून घाई केली नाही.

चावी बंद. मी मागे उभा, मुलगा ब्रेकवर. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा लाल दिवा लागतो, पण फिका. त्याच वेळी डाव्या इंडिकेटरचा बल्ब मंद उजळतो, पुढचाही. नंबर प्लेटचा दिवासुद्धा किंचित. उजवी बाजू मात्र व्यवस्थित. मुलगा म्हणाला, कुठेतरी ब्रेकची आणि इंडिकेटरची वायर एकमेकीला टेकली असेल. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटतं.

त्याला कागदावर काढून दाखवलं. मागच्या दिव्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर या सगळ्या बल्बना परतीची वाट एकच, बॉडीला स्क्रू केलेली काळी वायर. ती वाट बंद झाली की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अडून बसत नाही. तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलट्या बाजूनं शिरतो, त्याच्या वायरनं थेट पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थला उतरतो. पार्किंगच्या फिलामेंटमधूनही तसाच निसटतो, म्हणून नंबर प्लेट उजळते. दोन-तीन बल्ब एकामागे एक आल्यावर प्रत्येकाला थोडंथोडंच मिळणार. म्हणून सगळेच मंद.

मग मोजलं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन दिव्याच्या अर्थला. ब्रेक दाबल्यावर जिथे शून्याजवळ काही यायला हवं तिथे सात व्होल्टच्या वर. आता काही विचारायची गरज नव्हती.

दिव्याचं कव्हर काढलं. आत पत्र्यावर एक स्क्रू, स्क्रूखाली वायरच्या टोकाची थिंबल. बाहेरून बघाल तर जागच्या जागी, हलवली तर हलतही नव्हती. स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि थिंबलच्या खालून हिरवी पूड सांडली. थिंबल उचलली तर तिच्या खालच्या पत्र्यावर गंजाचा तपकिरी गोल, बरोबर थिंबलच्या आकाराचा, आणि गोलाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत ठिपका. एवढ्या ठिपक्यावर तीन वर्षं सगळे दिवे चालत होते. तोही आता झिजला. वायर थिंबलपासून दोन बोटं सोलली तर आतलं तांबंसुद्धा काळं. पाणी नुसतं स्क्रूखाली नाही, वायरच्या आतून वर चढलंय. चकाकी लागेपर्यंत वायर मागे कापत गेलो, जवळजवळ वीतभर.

नवी वायर जोडली, नवी थिंबल प्रेस केली. पत्रा घासून उघडा केला, स्क्रूखाली दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून रंगाचा हात मारला. पुन्हा मोजलं: ०.०५ व्होल्ट. ब्रेकचा लाल दिवा लख्ख लागला आणि इंडिकेटर गप्प राहिला.

थिंबल प्रेस करून बसवायची की सोल्डर करायची, यावर आमच्या धंद्यात वाद आहेत. माझं मत पक्कं आहे: हलणाऱ्या गाडीत प्रेस. सोल्डर वायरच्या धाग्यांत शिरून त्यांना ताठ करतो आणि जिथे सोल्डर संपतो तिथेच वायर हादऱ्यानं तुटते. प्रेस करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की खाऱ्या हवेतही वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

उजव्या बाजूचा अर्थ आज चांगला आहे, पण पूर त्यानंही बघितलाय. तोही उघडून साफ केला.

३१ मे

हेडलाइट. बल्ब ६०/५५ वॉटचे, चांगल्या कंपनीचे, काचा साफ. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बल्बच्या दोन टोकांत मोजलं: १०.९. बॅटरीवर तेव्हा १३.९. म्हणजे तीन व्होल्ट वाटेत. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी पडलं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. इथे कमतरता वीस टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे वहिनी अर्ध्याहून कमी उजेडात घाट चढत होत्या. दुकानात कोणीतरी त्यांना जास्त वॉटचे बल्ब सुचवले होते. ते घातले असते तर करंट वाढला असता, वाट आणखी तापली असती आणि स्वीच वितळला असता.

स्टीअरिंगच्या उजव्या हाताचा काँबिनेशन स्वीच उघडला. कपलरचं पांढरं प्लास्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन मऊ पडलेलं. दोन्ही बल्बचा मिळून दहा अँपिअर करंट या लहानशा स्वीचमधून जातो. दर संध्याकाळी जातो. पंधरा वर्षांनी हे होणारच, त्यात पुराचाही दोष नाही.

नवा कपलर घातला आणि दोन रिले बसवले, एक डिपरला, एक अप्परला. आता स्वीचनं फक्त रिलेला इशारा करायचा. बल्बचा करंट बॅटरीपासून अडीचच्या नव्या वायरनं, बॅटरीजवळच्याच फ्यूजमधून, रिलेच्या ३० नंबरवर येतो आणि ८७ वरून बल्बला जातो. ८५ आणि ८६ ला जुन्या वायरी. जोडण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते: स्वीच पॉझिटिव्ह तोडतो की अर्थ. जपानी वळणाच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा स्वीच अर्थच्या बाजूला असतो, आणि ही मुळात सुझुकी कॅरीच. न बघता जोडलं तर दिवे विझतच नाहीत नाहीतर लागतच नाहीत.

काम झाल्यावर बल्बपाशी १३.५. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावून झोत खाली बसवला. उजेड वाढवला की झोत नीट लावायलाच हवा, नाहीतर समोरून येणारा आंधळा होतो.

१ जून

बॅटरी का उतरते ते आज. चावी बंद, दारं बंद, निगेटिव्ह क्लॅम्प काढून त्याच्या आणि पोलच्या मध्ये मीटर दहा अँपिअरवर लावला. (अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जातो.) आकडा ०.४६. अशा साध्या गाडीला ०.०५ च्या आत असायला हवा. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दिवसाला अकरा जातात. तीन दिवसांत खडखडाट, आणि दर वेळी पार तळाला गेलेली बॅटरी एकेक महिन्यानं म्हातारी होते.

एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा हलला नाही. सगळे फ्यूज बाहेर, तरी ०.४६. याचा अर्थ जे काही पितंय ते फ्यूज बॉक्समधून जातच नाही. आधीच्या मालकानं गाण्यांचा शौक केला होता. मागच्या सीटखाली अँप्लिफायर, त्याची लाल वायर कार्पेटखालून सरळ बॅटरीला, वाटेत फ्यूज नाही. त्याला जागं करणारी बारीक निळी वायर रेडिओला जायच्या ऐवजी त्याच लालला पिळून जोडलेली, वर टेप. म्हणजे अँप्लिफायर रात्रंदिवस जागा. रेडिओ तर केव्हाच काढून नेलेला.

वहिनींना फोन केला. "काढून टाका भाऊ, मला ते आहे हेच माहीत नव्हतं." काढलं, वायरसकट. वायर कापून टेप लावून सोडायची नाही, मुळापासून काढायची. आता ०.०२.

४ जून

लोकसभेची मतमोजणी. बाजारात जो तो टीव्हीसमोर, फोन एक नाही. शांतपणे सेंट्रल लॉक बघितलं.

डाव्या दाराच्या मोटरला सरळ बॅटरी दिली तर टक्कन चालते. कंट्रोलरमधून व्होल्टेज निघतं. मध्ये एकच जागा उरते: बिजागरीजवळचा रबरी बोगदा, जिथे दार उघडताना वायर रोज वाकते. रबर मागे सारला. वायर वरून अखंड, एक चीर नाही. चिमटीत धरून हलकी ओढली तर एका जागी ती ताणली गेली. आत तांबं नव्हतंच, नुसतं प्लास्टिक. तेवढा तुकडा बदलला, थोडी जास्त लांबी ठेवली.

६ जून

हॉर्न. बॅटरीवर थेट लावला तर खणखणीत. चाक सरळ असताना वाजतो, डावीकडे वळवल्यावर नाही. म्हणजे दोष स्टीअरिंगमध्ये. या ओमनीला एअरबॅग नाही, म्हणून स्टीअरिंग उघडायला धोका नव्हता. एअरबॅगवाल्या गाडीत बॅटरी काढून वाट बघितल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, हे मुलाच्या वहीत लाल शाईनं लिहायला लावलं. आत पितळेची कडी एका बाजूला काळी पडलेली, तिच्यावर घासणारी पट्टी सैल. कडी साफ केली, पट्टीला थोडा बाक दिला. चाक दोन्हीकडे पुरं फिरवत हॉर्न दाबत राहिलो, शेजारच्या पंक्चरवाल्यानं डोकावून बघेपर्यंत.

८ जून

पाऊस लागला. काल रात्रीपासून पत्र्यावर धो-धो. वायपर मुद्दाम यासाठीच मागे ठेवला होता, ओल्या काचेवर जे दिसतं ते कोरड्या काचेवर दिसत नाही.

इथे दोन वेगळे दोष एकात मिसळलेले. वायपर हळू चालतो, आणि बंद केला की मधेच थांबतो. आधी हळू का ते. मोटरपासून दांडा सोडवला आणि मोटर एकटी चालवली: भरधाव. मग हातानं दांडे हलवून बघितले तर जाम, बुश कोरडे ठाक. मोटर बिचारी गंजलेलं लोखंड ओढत होती. बुश काढून घासले, ग्रीस भरलं. काम विजेचं नव्हतंच, तरी नवी मोटर विकली गेली असती, आणि तीसुद्धा वर्षभरात जळली असती.

मधेच थांबण्याचं कारण मात्र विजेचंच. वायपर बंद केला तरी मोटरला एका वेगळ्या वायरनं करंट मिळत राहतो, दांडी काचेच्या खाली येईपर्यंत. खाली आली की मोटरच्या आतली चकती तो तोडते. त्या वायरवर मीटर लावला: १२.१. मुलगा म्हणाला, "काका, इथे तर येतंय." मी टेस्ट लॅम्प लावला. लागला नाही.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून बरं वाटलं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचा एक धागा जिवंत असला तरी तो पुरे बारा दाखवतो. बल्ब करंट मागतो, आणि मागितल्यावर खोटं टिकत नाही. वस्तू चालू असताना मोजायचं, हे मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगतोय, आज त्यानं स्वतः बघितलं. कपलर उघडला, पाच पिनांपैकी एक हिरवीगार. पिन बदलली, बाकीच्या चार साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस भरून बंद केला.

एक सांगायचं राहिलं: एका बाजूचे इंडिकेटर जलद लुकलुकत होते, ते तिथे घातलेल्या एलईडी बल्बमुळे. फ्लॅशरला एक बल्ब उडाल्यासारखं वाटतं. २१ वॉटचे साधे बल्ब परत घातले, विषय संपला.

१० जून

रात्री साडेआठला वहिनींबरोबर लोट्यापर्यंत जाऊन आलो. त्या चालवत होत्या, मी बाजूला मीटर घेऊन. घाटात धुकं, कडेला दरडीची माती आलेली. हेडलाइट, वायपर, पंखा, ब्रेक सगळं एकदम चालू असताना बॅटरीवर १३.६. वळणावर त्यांनी हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग विनाकारण आणखी एकदा दिला.

परतताना तो तार गुंडाळलेला फ्यूज दाखवला. त्यांनी डॅशवरच्या देवाच्या फोटोमागे ठेवून दिला. "पुढचा मेकॅनिक आला की आधी हा दाखवते," म्हणाल्या.

१३ जून

पासिंग झालं, पाच वर्षांचं. निरीक्षकानं दिवे, ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न एकेक करून बघितले.

बिल केलं. थिंबला, वायर, दोन रिले, कपलर, फ्यूज, बल्ब, बाकी मजुरी. हार्नेससाठी सांगितलेल्या रकमेच्या चौथाईच्या आत बसलं. ओमनीचं उत्पादन २०१९ ला थांबलं, पण सुटे भाग अजून सहज मिळतात, तोवर अशा गाड्या भंगारात घालायला मन होत नाही.

सरकत्या दाराचा आतल्या दिव्याचा स्वीच तेवढा राहिलाय. गंजून अडकतो, दार लावलं तरी दिवा कधीकधी लागलेला राहतो. दहा वॉटचा बल्ब म्हणजे पाऊण अँपिअरच्या वर, रात्रभर. स्वीच मागवलाय, शनिवारी येईल. तोपर्यंत बल्ब काढून वहिनींच्या हातात दिलाय.